कारणाचा रकाना

पहाटे पाचला रम्सच्या धक्क्यावरून बोट सुटते
आणि आज वही किती भरणार
ते आधी नाकाला कळतं.

सात पिंजरे. सातांतही जिताडे.
बोटाएवढे होते तेव्हा विमानाने आले,
प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून.
मीही त्याच विमानतळावर उतरलो होतो,
माझी पिशवी जरा मोठी, इतकंच.

वहीत तारीख, पिंजरा, तापमान, प्राणवायू,
मेलेले,
कारण.
हा शेवटचा रकाना फार अरुंद.
आखणाऱ्याला वाटलं असेल, एका शब्दात भागेल.

मुफज्जल तळाला जातो, जाळ्यात साचलेले
पोत्यात भरून वर देतो. मी मोजतो.
डोळे दुधाळ. कल्ले फिके, शेंबडासारखा चिकटा.
शेपटीजवळ नखाएवढे व्रण.
पिंजरा दोन : एकशे बारा.
पिंजरा चार : दोनशे सहा.
पाचवा मी पाटीने मोजला.

चौतीस अंश. वारा नाही.
पाण्यावर गंजाच्या रंगाचा पट्टा
डोंगराच्या सावलीपर्यंत पसरलेला.
पलीकडे पाणी गोडं करायचा कारखाना,
समुद्रातलं गोडं काढून घेतो
आणि मीठ परत करतो, इमानदारीनं.
खाली आमचीच घाण, न खाल्लेल्या खाद्याचा
काळा गाळ, मुफज्जल म्हणतो, गुडघाभर.
तिथे त्याचे बुडबुडेसुद्धा वेगळे वास मारतात.

म्हातारा खलफान आपला तारेचा गरगूर ओढून घेतो
आमच्यापासून लांब, आणखी लांब.
"तुमच्या पिंजऱ्यांपाशी मासा जाडा मिळतो," म्हणतो,
"पण माझी बायको तो घरात घेत नाही."

आमच्या खारेपाटात जिताडा तळ्यात असायचा,
भाताच्या खाचरापलीकडे.
त्याला कुणी खायला घालत नसे,
मोजत तर नसेच. भरतीसोबत आत आला
आणि राहिला, इतकीच त्याची नोंद.
पकडला की जावयाचा मान,
नाहीतर तलाठ्याचा.
जिताडा पोचला की सातबारा हलायचा.

गुरुवारी साहेब तपासणीला आले.
डॉक्टर शौकींनी वही उघडून
सगळ्या पानांवर एकच शब्द लिहिला : उष्णता.
खोटं नव्हतं ते.
खाद्यात औषध चालू होतं, शेवटच्या गोळीनंतर
एकवीस दिवस मासा विकायचा नाही असा नियम.
अकरावा दिवस होता.
पेटी मीच भरली. बर्फ खाली, बर्फ वर,
मधे सहा जिताडे, पोट पांढरं, चकचकीत.
साहेबांच्या गाडीत ठेवताना
हात आपसूक तसेच वाकले
जसे बापाचे तलाठ्याच्या पडवीत वाकायचे.

रात्री आईचा फोन.
"तिकडं रोज जिताडाच खात आसशील ना रं?"
मी म्हटलं, हो.
फॉर्मॅलिनने बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात,
त्यात तेल घालत होतो तेव्हा.
इथे आम्हालाही वर्षातून एकदा तपासतात,
रक्त, छातीचा फोटो, शिक्का.
शिक्क्याला एकच शब्द पुरतो.

काल जुनी वही संपली.
नव्या वहीत रकाने मीच आखायचे होते,
पट्टी सापडली नाही, खाद्याच्या डब्याच्या काठाने आखले.
तारखेला बोटभर दिलं,
मेलेल्यांना दोन बोटं,
आणि कारणाला उरलेलं सगळं पान.
अजून काही लिहिलेलं नाही.
मुफज्जल धक्क्यावरून हाका मारतोय,
पाचवा पिंजरा वासावरूनच कळतोय इथपर्यंत.